दाराकडे तोंड असलेला ओटा

खिळेकाकांचं खरं नाव गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि पोस्टमनलाही ते दोनदा वाचावं लागायचं. उभं आयुष्य त्यांनी नाटकांची नेपथ्यं बांधण्यात घालवलं. काम करताना ओठांत कायम चार-पाच खिळे धरलेले. बोलायचं म्हटलं तर ते खिळे काढा, हातात धरा, मग बोला, पुन्हा ओठांत खोचा. एवढा खटाटोप कोण करणार? त्यापेक्षा मान हलवावी, भुवई उडवावी, आणि अगदीच गळ्याशी आलं तर 'हं' म्हणावं. कुठल्याशा नटाने चेष्टेने 'खिळे' अशी हाक मारली, ती कायमची चिकटली. पुढे केस पांढरे झाले तेव्हा लोकांनी भिडेखातर मागे 'काका' जोडलं.

नाटकात सगळं खोटं असतं असं म्हणणाऱ्या शहाण्यांनी काकांची स्वयंपाकघरं बघायला हवी होती. त्यांनी कोर्टं बांधली, तुरुंग बांधले, एकदा तर आगगाडीचा अख्खा डबा उभा केला. पण त्यांचा हातखंडा विषय म्हणजे स्वयंपाकघर. तेव्हा घरगुती नाटकांचे दिवस होते. तिसऱ्या अंकात आईने ओट्याशी उभं राहून मुलाला चार शब्द सुनावल्याशिवाय प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नसत. गरिबाचं घर असेल तर काका भिंतीवर कंदिलाची काजळी धरायचे आणि ओट्याच्या कडेला हात पुसून पुसून मळलेला पट्टा रंगवायचे. श्रीमंताचं असेल तर साध्या प्लायवूडवर कोंबडीच्या पिसाने अशा शिरा ओढायचे, की संगमरवर विकणारासुद्धा फसावा. निर्माते मात्र सगळे सारखे. "खिळे, थाट बंगल्याचा दिसला पाहिजे आणि खर्च खोलीचा." काका मान हलवायचे आणि तसंच करून दाखवायचे.

या सगळ्या कारभारात एक तपासनीस घरातच होता. काकू. नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला त्या यायच्याच, आणि फुकटचा पास असूनही पुढे न बसता सगळ्यात मागच्या रांगेत बसायच्या. पुढे बसलं की नटांच्या कपाळावरचा घाम दिसतो, म्हणायच्या, मग नाटकात मन लागत नाही. प्रयोग संपला की काका विचारणार, "स्वयंपाकघर कसं होतं?" आणि काकू न चुकता काहीतरी खोड काढणार. एकदा त्या म्हणाल्या, "छान होतं हो, पण ओट्यावरची भांडी काही मला दिसली नाहीत. नुसती कड दिसत होती." पुढच्या प्रयोगाला त्यांनी ओटाच प्रेक्षकांच्या बाजूला बोटभर कलवला आणि भांडी घसरू नयेत म्हणून खालून खिळ्यांनी ठोकली. मागच्या रांगेतून काकूंना वाटीसुद्धा दिसली. तेव्हापासून खिळेकाकांचा प्रत्येक ओटा कललेला. दुसरे नेपथ्यवाले हसायचे आणि मग गुपचूप तेच करायचे.

आता ते दिवस राहिले नव्हते. नाटक कंपनी बंद पडली. ज्या गोदामात काकांच्या भिंती एकमेकींना टेकून उभ्या असायच्या, तिथे फर्निचरचं दुकान आलं. टाकून देववलं नाही ते सगळं काकांनी घराच्या मागच्या खोलीत आणून रचलं. काकूही गेल्या, त्याला बराच काळ लोटला. पुढच्या घरात काका एकटे, आणि मागच्या खोलीत छताला भिडलेली जुनी नाटकं.

याच खोलीमुळे एक गोष्ट काकांच्या मनाला लागून राहिली होती. मागच्या वेळी लेक आली ती हॉटेलात उतरली. तशी ती समजूतदारपणेच म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे पाय ठेवायला जागा नाही. मी कुठे झोपू, त्या नाटकातल्या जिन्याच्या कठड्यावर?" हसत हसतच म्हणाली. काकाही हसले. पण बापाचं घर असताना पोर हॉटेलात उतरली, हे त्यांना पुढे कित्येक महिने घासाघासाला टोचत राहिलं.

आणि एके दिवशी तिचा फोन आला. तिच्या ऑफिसने तिची वर्षभरासाठी याच शहरात बदली केली होती.

"ऑफिस जागा देतंय राहायला," ती म्हणाली.

"घर आहे की," काका म्हणाले.

"बाबा, माझ्या वेळा विचित्र असतात. मला माझं वेगळं स्वयंपाकघर लागतं. पहाटे उठून मी तुमच्या डोक्याशी भांडी आपटणार, ते नको."

"मागची खोली रिकामी करतो. पाहुण्यांची खोली करतो. तिथेच एका बाजूला छोटं स्वयंपाकघर. एकदम झकास."

आपल्या बापाने एका दमात इतकी वाक्यं बोललेली तिला आठवत नव्हती. "बरं," ती म्हणाली. "मी येऊन बघते. राहण्यासारखं असलं तर राहीन. नाहीतर ऑफिसची जागा घेईन, आणि तुम्ही वाईट वाटून घ्यायचं नाही. कबूल?"

"हं," काका म्हणाले. एवढ्या बोलण्यातला एकच शब्द त्यांनी ऐकला होता. राहीन.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मागची खोली उपसायला घेतली. भंगारवाला दारात टपून बसला होता, पण काकांच्या हातून काही सुटेना. कुठेच न जाणारा दरवाजा निघाला. एका विनोदी नाटकात त्यातून बाहेर पडायचा एक नट रोज चुकायचा. नुसत्या पाठी रंगवलेल्या पुस्तकांचं कपाट निघालं. एक खिडकी निघाली, तिच्यामागे कापडावर रंगवलेली टेकडी आणि संध्याकाळ. ही खिडकी ज्या नाटकात होती त्यातल्या मोठ्या बाई काकांना आठवल्या. आईच्या भूमिका कराव्यात तर त्यांनीच. तालमीच्या आधी त्या एकट्या यायच्या, काकांच्या ओट्याशी उभ्या राहायच्या, कोपर टेकवून बघायच्या आणि म्हणायच्या, "खिळे, अजून जरासा खाली." काका ओट्याचे पाय तासायचे. "आता हा ओटा माझा झाला," असं बाई म्हणेपर्यंत तासायचे. खिडकीवरची धूळ पुसता पुसता काका कितीतरी वेळ जमिनीवर बसून राहिले. बाहेर भंगारवाला कंटाळून निघून गेला.

शेवटी पुष्कळसं गेलं आणि थोडं राहिलं. जे राहिलं त्यातून काकांनी स्वयंपाकघर उभं करायला घेतलं. पेन्शन बेताची, त्यामुळे निर्मात्याची भूमिकाही त्यांनाच करायची होती. एका लखपती मामाच्या नाटकातली फिकट हिरव्या रंगाची कपाटाची दारं होती, ती नव्या सांगाड्यावर बसवली. त्यांच्या पितळी मुठी चिंचेने घासून लखलखीत केल्या. टाइल परवडेनात, म्हणून भिंतीवर पांढऱ्या रंगाचे चौकोन काढले, चौकोनांच्या मधल्या रेघा करड्या, आणि मुद्दाम एका कोपऱ्यातली एक टाइल तडकलेली रंगवली, कारण सगळ्या टाइल धड असलेलं घर खरं वाटत नाही. ओट्याला पिसाने शिरा ओढलेला संगमरवर. वर लोंबता दिवा. टेकडीची खिडकी भिंतीवर, आणि तिच्यामागे पिवळा बल्ब.

पाण्याचं काम तेवढं त्यांना येत नव्हतं. नाटकातल्या नळाला पाणी कशाला हवं? त्यासाठी प्लंबरला बोलावलं. प्लंबर बोलका होता, म्हणजे काकांच्या अगदी उलट. आत आला आणि दारातच थबकला.

"आयला! काका, हे सिनेमातलं वाटतंय." मग त्याने मागच्या भिंतीपासून हातभर सुटा, दाराकडे तोंड करून ठेवलेला ओटा पाहिला आणि डोकं खाजवलं. "हा इथेच राहणार?"

काकांनी मान हलवली.

"अहो, भिंतीला लावा की. नळ भिंतीतून येतो. मधे ठेवलात तर फरशी फोडून पाइप न्यावा लागेल. तुम्ही इथे खिळ्याखिळ्याचा हिशेब करताय आणि सगळी बचत या पाइपात घालणार? भिंतीला लावलात तर निम्म्यात काम होतं."

काकांनी ओठांतले खिळे काढून हातात घेतले. प्लंबरला काय ठाऊक, हा केवढा मान होता! "नटीची पाठ प्रेक्षकांना दाखवायची नसते," ते म्हणाले.

"इथे कोण प्रेक्षक?"

काकांनी खिळे परत ओठांत खोचले.

प्लंबरने कपाळावर हात मारला आणि फरशी फोडायला घेतली. काम झाल्यावर सवयीने त्याने ओट्यावर पाणसळ ठेवली. आतला बुडबुडा धावत एका टोकाला गेला. "काका, ओटा कललाय."

"कलला नाही. कलवलाय."

"बरं बाबा," प्लंबर म्हणाला. "मला आपलं पाइपाचं विचारा. पाइप सरळ आहे."

रविवारी दुपारी लेक आली. काका सकाळपासून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी घालायचे तोच प्रकार. त्यांनी तिला पुढच्या घरात बसूही दिलं नाही. थेट मागे नेलं, दाराबाहेर उभं केलं, आत जाऊन दिवे लावले आणि मग दार उघडलं.

लेक उंबऱ्यावरच थांबली. खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत येत होतं, भर दुपारी. हिरवी दारं, पितळी मुठी, संगमरवराचा ओटा आणि त्यावर तिरकी मांडलेली भांडी, एकूण एक दिसणारी.

"बाबा," ती म्हणाली. "हे तुम्ही एकट्याने केलंत? ही दारं त्या मामांच्या नाटकातली ना? मला हीच दारं हवी होती लहानपणी, मी रडले होते, आठवतं?"

"हं," काका म्हणाले. त्यांना न आठवून कसं चालेल? त्यांचा जीव भांड्यात पडला. आता ही राहणार.

"थांबा, मी चहा करते," ती म्हणाली. "पहिला चहा माझा."

ओट्यामागे जायचं तर अंग चोरून, भिंतीला पाठ घासत जावं लागत होतं. ती गेली. चमचा हवा म्हणून तिने पहिला ड्रॉवर ओढला, तो हलेना. दुसरा ओढला.

"बाबा, हे उघडत नाहीत."

"ते खालचे नुसते दर्शनी आहेत," काका म्हणाले. "खालचं उघडलेलं समोरून दिसत नाही कोणाला."

"पण मला चमचा हवाय." तिने खालचं कपाट उघडायला वाकायचा प्रयत्न केला, तर मागे भिंत आणि पुढे ओटा. निम्मी वाकली आणि तिथेच अडली. कशीबशी सरळ झाली. शेगडीवर भांडं ठेवलं तर त्यातलं पाणी सगळं एका बाजूला जमलं. तिने कप काढून ओट्यावर ठेवला आणि दुधाकडे वळली. तेवढ्यात कप आपल्या आपण, अगदी सावकाश, दाराच्या दिशेने निघाला. तिने तो कडेशी पकडला, पुन्हा मागे ठेवला. तो पुन्हा निघाला.

लेक खो खो हसत सुटली. कप हातात धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

काका हसले नाहीत. दाराशी उभं राहून त्यांना आता ते सगळं दिसत होतं, जे प्लंबरला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. अख्ख्या आयुष्यात त्यांनी शेकडो ओटे बांधले, आणि त्यांतल्या एकाही ओट्यावर कोणी कधी काही शिजवलं नव्हतं. असलं कसलं स्वयंपाकघर! इथे कोण राहील? आपण पोरीला बघायला बोलावलं आणि तिच्या हातात एक देखावा ठेवला. काकांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की तोंडात खिळे असते तर बरं झालं असतं.

"ऑफिसची जागा घे तू," ते म्हणाले. "मी कबूल केलंय, वाईट वाटून घेणार नाही म्हणून. माझ्यासाठी अडचणीत राहू नकोस."

लेकीचं हसू ओसरलं. तिने डोळे पुसले. खोली पुन्हा एकदा नीट पाहिली: रंगवलेल्या टाइल, लोंबता दिवा, आणि दाराच्या आत जेमतेम पाऊलभर अंतरावर, तोंड ओट्याकडे करून ठेवलेली, पुढच्या घरातली जुनी खुर्ची.

"उतार कळला मला," ती म्हणाली. "तो आईच्या मागच्या रांगेसाठी. ड्रॉवरही कळले. पण ओटा असा मधेच का, बाबा? भिंतीला जागा होती. पाइपही सोपा गेला असता."

काका काहीतरी नाटकातलं उत्तर द्यायला गेले. नटीची पाठ, प्रेक्षक, वगैरे. प्लंबरला ते पुरलं होतं. पण समोर लेक उभी होती, आणि ओठांत खोचायला खिळे नव्हते.

"तुझ्या आईचा ओटा भिंतीला होता," ते म्हणाले. "आहेच अजून. मी दौऱ्यावरून यायचो. स्वयंपाकघराच्या दारात ही खुर्ची टाकायचो आणि तिला सगळं सांगायचो. कोण काय म्हणालं, कोण कुठे वाक्य विसरलं. तुझ्या आईशी मी किती बोलायचो, तुला माहीत नाही. जगात तिच्याशीच बोलायचो. पण तिचं तोंड भिंतीकडे. मला आपली पाठ दिसायची. खांदे हलले की कळायचं, हसतेय."

ते दारातून पाऊलभर आत आले. लेकीने हातातला कप नळाखाली ठेवला.

"एकदा असाच आलो. फार मोठा दौरा झाला होता. एका नटाची मिशी निघाली होती भर प्रवेशात, ते सांगत होतो. तिचे खांदे हलत होते. मला आणखी चेव आला. अर्धा तास सांगत बसलो, नकला करून. मग ती भांडं घ्यायला वळली तेव्हा दिसलं, ती रडत होती. मी आलो तेव्हापासून रडत होती. तिचे वडील गेल्याचं पत्र सकाळीच आलं होतं आणि मला सांगायला तिला मी जागाच दिली नाही. हसताना आणि रडताना माणसाचे खांदे सारखेच हलतात गं. मागून काही कळत नाही." काकांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "मनात होतं, तिचा ओटा फिरवून द्यायचा. सगळ्या नट्यांचे फिरवले. पण दर वेळी दुसरं नाटक यायचं. म्हणून म्हटलं, तुझा तरी असा करू. तू कामावरून दमून येशील. तुझं काय चाललंय ते मला समोरून दिसेल."

शेगडीवर पाणी उकळून वाया जात होतं. लेकीने हात लांब करून गॅस बंद केला. मग तिने दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली. तिचे खांदे हलायला लागले. ती रडत होती, आणि ते काकांना समोरून अगदी स्वच्छ दिसत होतं.

"रडू नको," काका म्हणाले. "काय झालं ते सांग."

"सांगते," ती म्हणाली. नाक ओढलं, पदर नव्हता म्हणून बाहीनेच तोंड पुसलं. "हा उतार काढा आधी, नाहीतर मी रोज एक कप फोडेन. ओटा इतका पुढे घ्या, की मागे मला वाकता आलं पाहिजे. आणि निदान एक तरी ड्रॉवर उघडणारा करा."

"आणि भिंतीला लावू?" काकांनी विचारलं. "उद्याच प्लंबरला बोलावतो. तो ओरडेल, पण करेल."

"तोंड राहू दे आहे तिकडेच." तिने पुन्हा भांड्यात पाणी ओतलं आणि शेगडी पेटवली. "सामान मी बुधवारी आणते. ऑफिसला उद्या सांगते, जागा नको म्हणून. आता बसा. आणि ती खुर्ची आणखी पुढे घ्या, बाबा, मला तिथून ऐकू येत नाही."

काकांनी खुर्ची ओट्याशी ओढली आणि बसले.